अर्काच्या मात्रा नंतर, पेशींची ओळख आधी

सांगली

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. सांगलीच्या हळदीचा अर्क तोंडाच्या कर्करोगाच्या 'केबी' पेशींवर आणि तुलनेला यकृताच्या निरोगी 'चँग' पेशींवर, असा बेत दिसतो. इथेच थांब. या दोन्ही नावांनी वाढवल्या जातात त्या हेला पेशीच आहेत, 1951 साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या. तू हेलाची तुलना हेलाशी करणार होतीस! शिवाय हेलामध्ये एचपीव्ही-18 हा गर्भाशयमुखाचा कर्करोग करणारा विषाणू असतो आणि त्याचं ई-6 प्रथिन पी-53 हे पेशींना कर्करोगापासून रोखणारं प्रथिन नष्ट करतं. आपल्याकडच्या मिश्री-तंबाखूच्या कर्करोगाबद्दल त्यावरून काही बोलणं रुग्णांवर अन्याय आहे.

कॅल-27 किंवा एससीसी-25 घे; दोन्ही जिभेच्या गाठीतून आलेल्या. मागवण्याआधी आयक्लॅकच्या, म्हणजे चुकीची ओळख लागलेल्या पेशींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, यादीत नाव तपास. शेजारच्या लॅबमधून फ्लास्क उसना आणू नकोस.

पेशी आल्या की वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेव आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूसाठी पीसीआर (डीएनए शोधणारी चाचणी) कर. त्याला पेशीभित्ती नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा उपयोग होत नाही आणि माध्यम (पेशी वाढवायचा द्रव) गढूळही दिसत नाही. निकाल स्वच्छ आला की सुरुवातीच्या पॅसेजच्या, म्हणजे पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या पहिल्या फेऱ्यांच्या, कुप्या गोठव.

मग एसटीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक जागांवरून पेशींची ओळख पटवणारी चाचणी. ज्या फ्लास्कमधून प्रयोग होणार त्याच फ्लास्कमधल्या दहा-वीस लाख पेशींचा पेलेट (तळाशी बसवलेला गोळा) पाठव. अहवालात नुसतं 'जुळते' वाचून समाधान मानू नकोस, त्या जागांवर दिसणारे डीएनएचे प्रकार, म्हणजे अ‍ॅलील स्वतः मोज. तुझ्या नमुन्यात 15 आणि त्यातले 13 त्या पेशींच्या संदर्भ-नोंदीशी जुळले तर 87 टक्के. 80 च्या वर असेल तर उगम एकच समजतात. अमेलोजेनिन, म्हणजे लिंग दाखवणारी जागा, या मोजणीत धरत नाहीत. त्यात वाय गुणसूत्राची खूण नसली म्हणून दाता स्त्री ठरत नाही, कारण वाढवता वाढवता पेशी वाय गमावतात. एखाद्याच जागी तीन अ‍ॅलील दिसले तर गुणसूत्रांची गडबड असू शकते; बऱ्याच जागी दिसले तर भेसळ, आणि तो फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये घालून नष्ट कर. उंदराच्या पेशी मिसळल्या असतील तर मानवी एसटीआरमध्ये त्या दिसणारच नाहीत, त्यासाठी सीओ-1 या जनुकावरून प्रजाती ओळखणारी चाचणी लागते.

हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) एका वेळी एकच लाइन, म्हणजे एकाच उगमाच्या पेशी, उघड. प्रत्येक लाइनची माध्यमाची बाटली वेगळी ठेव. ही भेसळ बहुतेकदा सामायिक बाटलीतून आणि घाईत लिहिलेल्या लेबलातून होते, आणि हेला इतक्या झपाट्याने वाढतात की थोड्याच पॅसेजमध्ये मूळ पेशी उरत नाहीत.

अहवाल आलेखासकट पाठव. अर्काच्या मात्रा त्यानंतर ठरवू.

तुझे,
सर