रात्री अचानक छातीत धडधड होते, ईसीजी नॉर्मल आलाय, घरी कसं सांगू?

ईसीजी नॉर्मल असला तरी धडधड खरीच असते, तू नाटक करत नाहीयेस. शरीर अ‍ॅड्रेनलिन (घाबरल्यावर सुटणारं हार्मोन) सोडतं, ठोके वाढतात, हात गार पडतात आणि वाटतं आता काही खरं नाही, पण हा बहुतेकदा पॅनिक अटॅक (भीतीचा झटका) असतो, तो साधारण १० मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो. तेव्हा जोरजोरात श्वास ओढू नकोस, त्याने चक्कर वाढते, ४ मोजून आत घे आणि ६ मोजून हळू सोड.

घरी नुसतं टेन्शन आलंय म्हणालास तर "जास्त विचार करू नकोस" एवढंच ऐकायला मिळेल (त्यांचाही दोष नाही, त्यांना कळतच नाही काय करायचं), म्हणून नेमकं सांग, आई, मला असं झालं की पंधरा मिनिटं फक्त शेजारी बस.

आणि १४४१६ सेव्ह करून ठेव, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर लगेच लाव, सकाळची वाट बघू नकोस. वारंवार होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवच, आणि कुणाच्या तरी झोपेच्या गोळ्या प्लीज घेऊ नकोस.