अपघातानंतर तीन आठवड्यांनी मृत्यू झाला तरी पोस्टमॉर्टेम लागतंच का?

तुमच्या मामांचा दुचाकीचा अपघात, डोक्याचं ऑपरेशन, तीन आठवडे आयसीयू, शेवटी न्यूमोनिया. आणि आता हॉस्पिटल पोस्टमॉर्टेमशिवाय बॉडी द्यायला तयार नाही. 'सगळं रेकॉर्डवर असताना चिरफाड कशाला? आम्ही लेखी नकार दिला तर? आणि संध्याकाळपर्यंत बॉडी मिळेल का?' असं तुम्ही विचारलंय.

नकार चालणार नाही. मेडिकोलीगल, म्हणजे पोलीस तपासासाठीच्या पोस्टमॉर्टेमला नातेवाइकांची संमती लागतच नाही, त्यामुळे नकाराच्या कागदालाही किंमत नाही. हॉस्पिटलला स्वतःच्या अभ्यासासाठी शवविच्छेदन करायचं असेल तर संमती लागते, ते वेगळं. दाखल होताना केस पेपरवर एमएलसी (मेडिकोलीगल केस) पडलं की पेशंट मधे बरा वाटला, वॉर्डात हलवला, दुसऱ्या हॉस्पिटलात नेला, तरी ते सुटत नाही. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद घेतात, पंचांसमोर मरणोत्तर पंचनामा होतो आणि बॉडी सरकारी डॉक्टरकडे जाते: पुण्यात सहसा ससून रुग्णालयाला, पिंपरी-चिंचवडकडे असाल तर वायसीएम रुग्णालयाला. 1 जुलै 2024 पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली चालतं, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 174 होतं. अपघात सासवडला झाला असेल तरी इथलं पोलीस ठाणं शून्य नंबरने नोंद घेऊन कागद तिकडे पाठवतं.

आता ज्यावर खरं अडतं ते. तीन आठवड्यांनी टेबलावर डॉक्टरला काय दिसणार? खरचटल्याच्या खपल्या पडून गेलेल्या, काळंनिळं विरलेलं, टाळूवर जुळून आलेला टाक्यांचा वण, कवटीचा एक तुकडा सर्जनने काढलेला, आतली रक्ताची गाठ ऑपरेशनमध्येच साफ केलेली. आणि फुप्फुसं पुवाने भरलेली. कागद समोर नसतील तर कारणात 'न्यूमोनिया' एवढंच यायची भीती. मग शिवाजीनगर कोर्टात मोटार अपघात दाव्यात विमा कंपनीचा वकील उभा राहतो: पेशंट न्यूमोनियाने गेला, अपघाताशी संबंध काय? 'डोक्याच्या दुखापतीनंतर उद्भवलेला न्यूमोनिया' अशी साखळी रिपोर्टात असेल तर त्या प्रश्नातली हवाच जाते. एलआयसीच्या अपघात लाभाचंही तसंच. अपघातापासून 180 दिवसांच्या आतला मृत्यू तिथे चालतो, पण तो अपघातामुळेच झाला हे दाखवावं लागतं.

म्हणून चार कागदांच्या झेरॉक्स पंचनाम्याच्या वेळीच हवालदारांकडे द्या: पहिल्या दिवसाचा कॅज्युअल्टी पेपर, पहिला सीटी स्कॅन रिपोर्ट, ऑपरेशन नोट, डेथ समरी. पहिले उपचार दुसरीकडे झाले असतील तर तिथलेही. कागद अपुरे असले की डॉक्टर थांबवून ठेवतात, पोलीस शिपाई पुन्हा हॉस्पिटलला जातो आणि तुमची दुपार जाते. डेथ समरीत नुसतं 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिलेलं असेल तर तिथेच हटकून दुरुस्त करून मागा. हृदय आणि श्वास सगळ्यांचाच थांबतो, त्याला कारण म्हणत नाहीत. मोठमोठी हॉस्पिटलं लाखांची बिलं करून हे दोन शब्द टेकवतात, याचं मला कायम नवल वाटतं.

आणि प्रत्येक कुटुंबात एक काका असतात, 'माझी ओळख आहे, पोलिसांच्या भानगडीत पडू नका' म्हणणारे. कॅज्युअल्टीत 'बाथरूममध्ये पाय घसरला' असं सांगायला लावतात ते हेच. पेशंट सुधारला तर सगळं निभावतं. गेला, की त्या एका ओळीपुढे पुढचा एफआयआर, साक्षीदार, गाडीचा पंचनामा सगळं बनावट ठरवायला विमा कंपनी मोकळी. 'मामांनी हेल्मेट घातलं नव्हतं म्हणून दावा मिळत नाही' हेही त्याच कट्ट्यावरचं ज्ञान. हेल्मेट नसलं तर फार तर रकमेत कपातीचा वाद होतो. तुमच्या केस पेपरवर पहिल्या दिवशी काय हिस्ट्री लिहिलीय ते आजच बघा.

चिरफाडीबद्दल: छेद मानेपासून ओटीपोटापर्यंत आणि डोक्यावर एका कानामागून दुसऱ्या कानामागे असतो, नंतर शिवतात. चेहऱ्याला धक्का लागत नाही, अंत्यदर्शन नीट होतं. पोस्टमॉर्टेमला फी नसते.

काटेकोर बोलायचं तर मृत्यूच्या कारणाबद्दल शंकाच नसेल तर बॉडी पाठवायची की नाही हे कायदा तपास अधिकाऱ्यावर सोडतो. पण वाहन अपघातात तो निर्णय अंगावर घेणारा अधिकारी भेटणं कठीण, आणि भेटलाच तर नुकसान तुमचंच. लग्नाला 7 वर्षं न झालेल्या स्त्रीची आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर तेवढीही मोकळीक नाही.

वेळेचं म्हणाल तर प्रत्यक्ष पोस्टमॉर्टेमपेक्षा कागदांनाच जास्त लागतो. सूर्यास्तानंतरही करता येतं, केंद्राने नोव्हेंबर 2021 मध्ये तशी मुभा दिलीय, पण सोय असेल तिथेच. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेली बॉडी, घातपाताचा संशय यांत सहसा नाही. बॉडी गावी न्यायची असेल तर एम्बामिंग, म्हणजे बॉडी टिकवायची औषधं भरणं, पोस्टमॉर्टेमनंतरच. नेत्रदान करायचं असेल तर मृत्यूपासून 6 तासांच्या आत, पोलिसांची ना हरकत घेऊन पोस्टमॉर्टेमच्या आधीही होतं, त्यामुळे पंचनामा सुरू व्हायच्या आतच बोला.

हातात मृत्यूच्या कारणाचा दाखला पडला की तिथेच उभं राहून नाव, वय, पत्ता आधार कार्डाशी ताडून बघा. स्मशानाचा पास आणि महापालिकेची मृत्यूनोंद त्यावरूनच होते, आणि नंतर एक वेलांटी बदलायची तरी प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं.