पत्रिका घरीच करायची? मग आधी पाकीट आणा!

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो आणि लग्नाचा खर्च आमचा आम्हीच करणार आहोत. छापून घ्यायचे भाव ऐकले आणि पत्रिका घरीच करायच्या ठरवल्या. यादीत दीडशे नावं आहेत. पत्रिका, येणार की नाही ते कळवायचं कार्ड, जागेचा नकाशा आणि नंतरचं आभारपत्र, सगळं एकाच डिझाइनमध्ये हवंय. घरी साधा इंकजेट प्रिंटर आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : डिझाइनपासून तर मुळीच करू नका. रंग आणि फुलांच्या वेली निवडण्यात रात्री जातात आणि शेवटी लक्षात येतं, की त्या मापाचं पाकीटच मिळत नाही. छापखान्यात वावरताना असे कितीतरी जण कपाळाला हात लावून उभे राहिलेले पाहिलेत.

आधी यादी घ्या. दीडशे नावं म्हणजे दीडशे पत्रिका नव्हेत. एका घरात एकच जाते. घराप्रमाणे नावं लिहून काढा, आकडा बराच खाली येईल. त्यावर दहा टक्के जास्तीच्या धरा. ऐनवेळी आठवणारी माणसं असतातच, शिवाय पाकिटावर नाव लिहिताना हात चुकतो.

मग तुकडे कमी करा. उत्तराचं कार्ड म्हणजे आणखी एक कागद, आणखी एक पाकीट आणि वर परतीचं तिकीट. पत्रिकेच्या तळाशी ‘अमुक तारखेपर्यंत या नंबरवर कळवा’ एवढी ओळ टाकली की काम भागतं. नकाशा पत्रिकेच्याच मागच्या बाजूला घ्या. आभारपत्रांचं लग्नानंतर बघू. नक्की किती लागणार ते तेव्हाच कळेल. चार सामान्य कागद पाठवण्यापेक्षा एकच पाठवावा, पण तो हातात घेतल्यावर बरा वाटावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पाकीट. सहज मिळणाऱ्या मापांपैकी सी-६ हे ११४ × १६२ मिमीचं असतं. ए-४ कागद अर्धा कापला की ए-५ होतो आणि तो मधोमध दुमडला की १०५ × १४८ मिमीचा ए-६. तो सी-६मध्ये अंगाबरोबर बसतो. म्हणजे एका ए-४मधून घडीच्या दोन पत्रिका निघतात आणि कागदाची चिंधीसुद्धा वाया जात नाही. लांबट पत्रिका आवडत असेल तर ए-४ दोनदा दुमडून त्याचे तीन सारखे भाग करा. दुमडलेली पत्रिका ९९ × २१० मिमीची होते, ती ११० × २२०च्या डीएल पाकिटात जाते. चौरस पत्रिका दिसते देखणी, पण ए-४मधून कापताना कागद फुकट जातो आणि टपालवाले काही ठिकाणी तिला जादा आकार लावतात. तुमचं बजेट बघता नकोच.

जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा नेहमीचा कागद बहुधा ८० जीएसएमचा. चौरस मीटरमध्ये सोळा ए-४ बसतात, त्यामुळे त्याचं एक पान भरतं ५ ग्रॅम. घडीच्या पत्रिकेला १६० ते २०० पुरे. घडी नसलेलं सरळ कार्ड असेल तर २५० ते ३०० घ्या. पत्रिका टपालाने जाणार असतील, तर पाकिटासकट एक भरलेली पत्रिका तिकिटं घेण्याआधी वजन करून घ्या.

प्रिंटर किती जाडीचा कागद ओढतो, ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. मागून कागद घेणारा ट्रे असेल तर तोच वापरा. खालच्या ट्रेमधून कागद पूर्ण वळून येतो आणि जाड कागद तिथेच अडकतो. इंकजेटची शाई कागदात मुरावी लागते, म्हणून चकचकीत आर्ट पेपर त्याला चालत नाही. शाई वरच राहते आणि बोटाला लागते. एक पान छापून रात्रभर ठेवा, सकाळी ओलं बोट फिरवा. पसरलं तर त्या शाईने पाकिटांवरचे पत्ते छापू नका.

माझं ऐकाल तर डिझाइन, घडी, पाकिटं सगळं घरी करा आणि छपाई तेवढी डिजिटल प्रिंटवाल्याकडून करून घ्या. एका ए-३वर चार ए-५ बसतात आणि कटिंग मशीनवर सगळ्या गठ्ठ्याला एकदम सरळ धार मिळते. घरी कात्रीने ती येत नाही. त्याच्याकडच्या लेझर प्रिंटरमध्ये शाईऐवजी टोनर असतो, म्हणजे पूड. ती उष्णतेने वितळून कागदावर चिकटते, पाण्याने फुटत नाही. फक्त खूप खरबरीत कागद देऊ नका, खळग्यांत टोनर पोचत नाही आणि अक्षरं ठिपकेदार दिसतात. खर्च अजून खाली आणायचा तर एकाच रंगात छापा, काळ्या किंवा गडद निळ्या, आणि रंगाची हौस पाकिटावर भागवा. गडद कागदावर पांढरी अक्षरं मात्र विसरा. साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते.

राहिली घडी. घरच्या पत्रिकेचं घरगुतीपण तिथेच उघडं पडतं. जाड कागद नुसता दुमडला तर घडीवर छपाई तडकते आणि पांढरी रेघ उमटते. स्टीलची पट्टी ठेवा आणि शाई संपलेल्या बॉलपेनने घडीच्या जागी एकदाच, दाब देऊन रेघ ओढा. यालाच क्रीजिंग म्हणतात. रेघ बाहेरच्या बाजूने ओढायची आणि खाच बाहेर राहील असंच दुमडायचं. उलट्या बाजूला आलेला उठाव आत जायला हवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. मग चमच्याच्या पाठीने घडी दाबून घ्या. कागदाच्या तंतूंनाही दिशा असते. ए-४मध्ये ते बहुधा लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे ए-५ करून मधोमध दुमडलं की घडी तंतूंना समांतर येते आणि साफ बसते. तीन भागांच्या लांबट पत्रिकेत ती तंतूंना आडवी जाते, म्हणून तिला कागद पातळच घ्या.

प्रश्न : घरच्या संगणकावर मराठी मजकूर छान दिसतो, पण प्रिंटवाल्याकडे पेनड्राइव्ह लावला की अक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. काय करावं?

उत्तर : तुमचा फॉन्ट त्याच्या संगणकात नाही, एवढंच झालंय. वर्डची फाइल नेऊ नका. फॉन्ट आत बसवून पीडीएफ करा आणि तीच न्या. टाइप युनिकोडमध्येच करा, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर निव्वळ चिन्हांचा कचरा होतो. विकतचे फॉन्ट लागत नाहीत. ‘मुक्ता’ साध्या, स्वच्छ वळणाचा आहे आणि फुकट आहे. ‘टिरो देवनागरी मराठी’ही फुकट, त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे येतात. एका पत्रिकेत दोन फॉन्ट खूप झाले. अकरा पॉइंटच्या खाली जाऊ नका, वयस्कर नातेवाईक पत्रिका हातभर लांब धरून वाचतात.

कडेपर्यंत रंग हवा असेल तर तो चारही बाजूंनी ३ मिमी बाहेर वाढवून ठेवा, नाहीतर कापताना पांढरी कड राहते. छापताना ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा, नाहीतर माप बदलतं. आणि एक प्रत त्याच कागदावर काढून घेतल्याशिवाय पुढचा गठ्ठा सोडू नका. तारखेला तो वार आहे का, ते कॅलेंडरमध्ये बघा. छापलेला नंबर कागदावर बघून प्रत्यक्ष लावा. वाचायला अशा माणसाला द्या, ज्याला लग्नाबद्दल काहीच माहीत नाही. घरचे लोक अक्षरं वाचत नाहीत, आठवणीतलं वाचतात.

प्रश्न : नकाशाऐवजी क्यूआर कोड दिला तर चालेल का?

उत्तर : चालेल, जागाही वाचेल. निदान २ सेंटिमीटरचा ठेवा, फिक्या कागदावर गडद छापा आणि चारही बाजूंनी मोकळी जागा सोडा. वेलबुट्टी त्याला चिकटली तर फोन वाचत नाही. काही संकेतस्थळं फुकट ‘डायनॅमिक’ कोड देतात. तो त्यांच्या पत्त्यावरून फिरून जातो आणि त्यांनी सेवा थांबवली की बंद पडतो. नकाशाची लिंक थेट आत असलेला ‘स्टॅटिक’ कोडच घ्या. खाली पत्ता अक्षरांत लिहाच, सगळेच काही फोन काढून बसत नाहीत.