वाचक विचारतात : किनाऱ्याने चालायचं तर तिथी बघा

प्रश्न : मी 58 वर्षांची, नुकतीच निवृत्त झालेली शिक्षिका. मैत्रिणीबरोबर गुहागर ते गणपतीपुळे किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जायचं मनात आहे. रोज चार किलोमीटर चालते, पण उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो. आखणी कशी करावी?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : जरूर जा. फक्त तारीख सोयीने न ठरवता तिथी बघून ठरवा. ओहोटीला पाणी हटलं की ओल्या, घट्ट वाळूचा पट्टा मिळतो. भरतीत मात्र वरच्या भुसभुशीत वाळूतून पाय ओढावे लागतात आणि गुडघ्याआधी पोटऱ्या बोलू लागतात.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला आणि ओहोटी त्याच्या सव्वासहा तास मागेपुढे, सकाळी नऊच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला, म्हणून ओहोटी नेमकी भर दुपारी. ते ऊन टाळायचं तर पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावर प्रतिपदेला निघा. त्या दिवशी ओहोटी सातच्या आसपास असते, पुढे रोज सुमारे पन्नास मिनिटांनी सरकत पंचमीला दहाच्या आसपास येते. पाच सकाळी हाताशी लागतात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, तेव्हा मुक्कामी पोचल्यावर मासेमारी करणाऱ्यांना उद्याचं पाणी विचारून घ्या.

हे दिवस उधाणाचे असतात. पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, खूप रुंद मिळते, पण पाणी परततंही झपाट्याने. डोंगराची सोंड समुद्रात घुसलेली असेल तिथे खालच्या कातळावरून वळसा घालू नका, वर सड्यावरच्या, म्हणजे माथ्याच्या कातळी पठारावरच्या, रस्त्याला लागा. कातळावर शेवाळ असतं आणि कालवांच्या धारेने पाय कापतो, म्हणून मागे पट्टा असलेली, रबरी तळाची सॅंडल हवी. खाडीच्या तोंडाशी पाणी गुडघाभर दिसलं तरी उतरू नका. खाली गाळ असतो आणि ओहोटीची ओढ समुद्राकडे असते. पूल गाठा.

गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ असे टप्पे पाडा. तवसाळहून फेरीबोटीने शास्त्रीची खाडी ओलांडली की जयगड. तिथून मालगुंडवरून गणपतीपुळे हा भाग मोठा आहे, तो एका दिवसात रेटू नका. फेरीची शेवटची वेळ आदल्या दिवशीच विचारा. शेवटी गणपतीपुळ्याच्या समुद्रात पोहायला उतरू नका, तिथे पाण्याला ओढ आहे.

गुडघ्यासाठी आधीचे दोन महिने महत्त्वाचे. चाराचे हळूहळू आठ-दहा किलोमीटर करा आणि आठवड्यातून एकदा लागोपाठ दोन दिवस तेवढं चाला, कारण त्रास बहुधा दुसऱ्या दिवशी कळतो. पाठीवर पाच किलोपेक्षा जास्त नको. सड्यावरून गावात उतरताना काठी पुढे टेकून छोटी पावलं टाका. पुळण उतरती असेल तर समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो आणि कंबर भरते, म्हणून पाण्याजवळचा सपाट पट्टा धरा. प्रत्येकी दोन लिटर पाणी घ्या. कोकम सरबतात मीठ किती चालेल, हे रक्तदाबाची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारा. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

प्रश्न : वय 63, पोहता येत नाही. मालवणला स्कूबा करावं का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : प्रशिक्षक सोबत असतो, त्यामुळे पोहता न येणं ही मोठी अडचण नाही. हृदय, फुफ्फुसं आणि कान तपासून डॉक्टरांचं पत्र मात्र घ्या. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात जाऊच नका, कानाचा दाब सुटत नाही. खाली असताना श्वास कधीही रोखू नका.

प्रश्न : निवृत्तीनंतर प्रवासवर्णनं लिहितो. सगळी ठिकाणं ‘निसर्गरम्य’च होतात. काय करू?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : घरी येऊन आठवून लिहिता, म्हणून. आठवणीत फक्त विशेषणं उरतात. खिशात छोटी वही आणि पेन्सिल ठेवा, दमट हवेत शाई पसरते. प्रत्येक थांब्यावर वेळ, पाणी भरतीचं की ओहोटीचं, वारा मतलई की खारा, एखाद्या वस्तूचा भाव आणि कुणाचं तरी एक वाक्य त्याच्याच बोलीत, एवढं टिपा. माणसाचं नाव छापायचं तर आधी विचारा.

हेदवीच्या बामणघळीचंच घ्या. ‘विलोभनीय दृश्य’ लिहून वाचकाला काही दिसत नाही. भरतीची लाट कातळातल्या अरुंद भेगेत शिरते, आत कोंडते, आधी घुमल्यासारखा आवाज येतो आणि मग पाणी उभं उसळतं, हा क्रम लिहा. तुम्ही कुठे उभे होता तेही सांगा, कारण वाचक तिथे जाणार आहे आणि त्या भेगेच्या काठावर उभं राहणं धोक्याचं आहे.

आवाज फोनवर टिपत असाल तर भिंतीच्या आडोशाला थांबा, नाहीतर नुसता वाराच ऐकू येतो. लेख घडवताना घरून निघाल्याची, गाडी पकडल्याची पहिली दोन पानं बहुतेकदा काढून टाकता येतात. तिसऱ्या पानावर जे घडतं, तिथून सुरुवात करून बघा.