शिकागो १८९३ चा डिप्लोमा: ‘फक्त ब्राँझ’ म्हणून सोडू नका

विक्रेता शिकागोच्या १८९३ च्या कोलंबियन या जागतिक प्रदर्शनाचा डिप्लोमा, म्हणजे पदकासोबत मिळणारं प्रमाणपत्र, विकतोय, पण पदक ‘फक्त ब्राँझ’, मग घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. त्या प्रदर्शनात सोनं, रुपं नव्हतंच. ठरलेल्या दर्जाला उतरलेल्या प्रत्येकाला सारखंच ब्राँझ पदक. फिलाडेल्फियाला १८७६ मध्येही हीच रीत होती. सेंट लुईसला १९०४ मध्ये मात्र ग्रँड प्राइज, सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी उतरंड होती. तिथल्या कांस्याशी शिकागोच्या ब्राँझची तुलना करूच नका. पाब्स्ट आणि अनहायझर-बुश या बिअरवाल्यांत पहिला कोण यावरून जो वाद पेटला, त्याचं मूळही याच पद्धतीत आहे.

क्रमांकच नाही म्हटल्यावर बघायचं काय? परीक्षकाचा मजकूर. वस्तूत नेमकं काय आवडलं ते डिप्लोम्यावरच लिहिलेलं असतं: यंत्राची रचना, कापडाचा पोत, धान्याचा दाणा. माझ्या लेखी सगळी किंमत या चार ओळींची. एखाद्या छोट्या कारखान्याच्या यंत्राबद्दल नेमकं लिहिलेला डिप्लोमा मला बड्या कंपनीच्या गुळमुळीत स्तुतीपेक्षा केव्हाही जास्त मोलाचा वाटतो. (राजा रविवर्मांनी याच प्रदर्शनात दहा चित्रं पाठवली होती आणि त्यांचा तिथे गौरवही झाला होता. तो कागद बघायला मिळावा ही माझी फार जुनी इच्छा आहे.)

डिप्लोम्यावरचं चित्र विल लो यांचं, कोरीवकाम चार्ल्स श्लेख्ट यांचं, छपाई अमेरिकी सरकारच्या नोटा छापणाऱ्या खात्याची. त्यामुळे भिंगाखाली रेषा सलग आणि धारदार दिसायला हव्यात. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती नंतरची नक्कल, सरळ नाही म्हणा. सोबत १८९६ चं पत्र निघालं तर बिचकू नका. पदकाच्या मागच्या बाजूसाठी शिल्पकार सेंट-गॉडन्स यांनी केलेली नग्न आकृती नाकारली गेली, ती बाजू सरकारी टांकसाळीचे कोरीवकार चार्ल्स बार्बर यांनी नव्याने केली, आणि डिप्लोमे, पदकं लोकांच्या हाती पडायला तेवढी वर्षं गेली.

पैसे देण्याआधी फ्रेममधून काढलेल्या कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागा. मागे लाकडी फळी किंवा स्वस्त पुठ्ठा असेल तर त्यातलं आम्ल कागदात उतरून तो तपकिरी आणि ठिसूळ होतो. डाग चालतील. पुठ्ठ्यावर खळीने चिकटवलेला असेल तर भाव बराच खाली आणा, कारण तो सोडवणं जाणकार संवर्धकाचंच काम आहे आणि ते महाग पडतं.