पृथ्वी एवढ्या वेगात पळते, मग आपल्याला कळत कसं नाही?

ताई, तुमच्या भाच्याने गुहागरच्या किनाऱ्यावर विचारलेला प्रश्न, की पृथ्वी एवढी सुसाट पळतेय तर आपल्याला काहीच कसं जाणवत नाही आणि माडावरून सुटलेला नारळ मागे कसा राहत नाही, हा खरंच चांगला प्रश्न आहे, त्याला "गुरुत्वाकर्षणामुळे" एवढं सांगून गप्प बसवू नका. गुरुत्वाकर्षण आपल्याला जमिनीवर धरून ठेवतं हे बरोबर, पण वेग का जाणवत नाही याचं उत्तर त्यात येत नाही.

शरीराला मुळात वेग कळतच नाही, कळतो तो वेगातला बदल. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाडी चढवून काचा वर करून बसा, खाडी शांत असेल तर बोट कधी सुटली पत्ता लागत नाही, बाहेर बघितलं तर जेट्टीच मागे सरकताना दिसते, आणि पलीकडे टेकताना हिसका बसतो तेव्हा कुठे समजतं. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमाराला नावेचंच उदाहरण दिलं होतं, की नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर गोष्टी उलट्या जाताना दिसतात तसेच तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्यावर नंतरच्या ज्योतिषी वराहमिहिराने शंका काढली, पृथ्वीच फिरत असेल तर आकाशात उडालेले पक्षी परत आपल्या घरट्यात येतात कसे? शंका त्या काळी बिनतोडच होती, पण पक्षी, हवा, समुद्र सगळंच आधीपासून पृथ्वीच्या वेगात सामील आहे, कोणी मागे राहायचा प्रश्नच येत नाही.

आता नारळ. रत्नागिरीच्या आसपास जमीन पूर्वेकडे ताशी साधारण १६०० किमीने फिरतेय. २० मीटर उंच माडावरून नारळ खाली यायला २ सेकंद लागतात, तेवढ्यात जमीन जवळजवळ ९०० मीटर सरकलेली असते, पण नारळही तेवढाच सरकलेला असतो. उलट माडाचा शेंडा पृथ्वीच्या मध्यापासून बुंध्यापेक्षा थोडा लांब, म्हणून त्याचा वेग किंचित जास्त, त्यामुळे वारा वगैरे सोडून दिलं तर नारळ सरळ खाली न येता सुमारे २ मिलिमीटर पूर्वेला पडतो. म्हणजे मागे नाहीच, पुढे पडतो, हे भाच्याला नक्की सांगा.

हुशार मुलगा पुढे विचारेल, की गोल फिरताना दिशा तर सतत बदलते, मग तो बदल का नाही जाणवत? जाणवायला हवा, पण दिशा तासाला फक्त १५ अंशांनी बदलते, त्यामुळे त्याचा परिणाम गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३०० व्या भागाएवढाच. ६० किलोच्या माणसाचं वजन स्प्रिंगच्या काट्यावर २०० ग्रॅमच्या आसपास कमी भरतं, बस एवढंच, आणि ते जन्मापासून तसंच असल्यामुळे वेगळं असं काही वाटत नाही.

सूर्याभोवतीचा वेग तर सेकंदाला ३० किमी, म्हणजे ताशी लाखाच्या वर, आणि इथे गोष्ट अजून भारी आहे. सूर्य पृथ्वीला ओढतो तसाच आपल्यालाही ओढतो, आपण आणि पृथ्वी दोघंही सूर्याकडे एकसारखेच "पडत" असतो, म्हणून पायाखालच्या जमिनीचा आणि आपला त्यात काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त सूर्याकडची बाजू जरा जास्त ओढली जाते आणि पलीकडची जरा कमी, एवढाच, आणि तो फरक आपल्याकडे रोज दिसतो, भरती-ओहोटीत. त्यात चंद्राचा वाटा मोठा, सूर्याचा त्याच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावस्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात म्हणून उधाण येतं आणि अष्टमीच्या आसपास काटकोनात असतात म्हणून भांग, म्हणजे लहान भरती, हे बंदरावरच्या कोणालाही विचारा, तिथीवरूनच बोटी पाण्यात काढतात.

सूर्य आपल्याला घेऊन आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २२० किमीने जातोय, पण एका फेरीला २० कोटींहून जास्त वर्षं लागतात, त्या वळणाचं काय जाणवणार.

बाकी पृथ्वी फिरते याचा परिणाम अंगावर घ्यायचाच असेल तर जूनमध्ये किनाऱ्यावर उभं राहा. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून आग्नेयेचे वारे निघतात, ते उत्तरेला आल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि आपल्याकडे नैऋत्येकडून येऊन थडकतात, आख्खा मान्सून या वळणावर आहे.

आणि डोळ्यांनी बघायचं असेल तर लंबक. फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये पॅरिसला ६७ मीटर लांब तारेला जड गोळा टांगून दाखवला होता, त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू फिरत जाते. ध्रुवावर एका दिवसात पूर्ण फिरते, आपल्या अक्षांशावर तासाला जेमतेम साडेचार अंश, त्यामुळे थोडं थांबून बघावं लागतं. पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत असा लंबक आहे, जायचं ठरलं तर आत सोडतात का ते आधी विचारून घ्या आणि हातात एक तास तरी ठेवा.