साऊथ आफ्रिकेत ऑफिसच्या ब्रायला (निखाऱ्यावर मांस भाजून खायची पार्टी) बोलावलंय, मी व्हेज आहे, जाऊ का?

बिनधास्त जा, फक्त घरून थोडं खाऊन निघा, कारण १ ची वेळ दिली तरी लाकडं पेटवून निखारे व्हायलाच तास-दीड तास जातो अन् तोवर सगळे बिअर घेऊन आगीभोवती गप्पा मारत उभे असतात, खरा कार्यक्रम तोच. बऱ्याच ठिकाणी आपापलं मटण आपणच न्यायचं असतं, तुम्ही पनीर, मक्याची कणसं न्या, फॉइलमध्ये गुंडाळून भाजा, कुणी काही बोलत नाही. निखाऱ्यावरचं चीज-टोमॅटो-कांद्याचं सँडविच आणि पापसोबत (मक्याच्या पिठाची घट्ट लापशी) ती तिखट चकलाका (भाज्यांचं चटणीसारखं तोंडीलावणं) मिळाली तर सोडू नका. आणि हो, भाजणाऱ्याच्या हातातला चिमटा घेऊन मदत करायला जाऊ नका, जाम खटकतं त्यांना! २४ सप्टेंबरच्या हेरिटेज डेला तर देशभर हेच चालू असतं.